मानाची खिडकी

आमच्या अवसरीच्या बटाट्याच्या वावरावरून दिवसाला साधारण किती विमानं जातात, हे गावात बहुधा मला एकटीलाच माहीत आहे. कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. हिवाळ्यात आभाळ निवळलं की त्यांच्या मागे पांढऱ्या रेघा उमटतात. दोन इंजिनांच्या विमानामागे दोन, चार इंजिनांच्या मागे चार. फोनवरच्या ॲपमध्ये बघितलं की ते कुठून निघालं, कुठे चाललंय, त्याचा नंबर काय, सगळं कळतं. मोटारीला नंबर असतो तसा प्रत्येक विमानालाही असतो, शेपटाच्या अलीकडे अंगावर रंगवलेला. तो आपल्या डोळ्यांनी वाचायचा आणि वहीत लिहायचा, हा माझा छंद. ॲपवर दिसलेला नंबर धरायचा नाही. फोटोतला नाही. दुसऱ्या कुणी सांगितलेला तर नाहीच. हे नियम मी नववीत असताना स्वतःच केले आणि स्वतःच पाळत आले.

मंचरच्या इंग्लिश मिडियम शाळेत मी इंग्रजीतून गप्प असायचे आणि गावात मराठीतून. त्यामुळे छंदाची वही दप्तराच्या आतल्या कप्प्यात राहिली. पुण्याला नातेवाइकांकडे गेले की टेकडीवरून, मुंबईला गेले की टॅक्सीच्या काचेतून, असं करत तिच्यात सहा-सातशे नंबर जमले. पण पहिलं पान मी कोरं ठेवलं होतं. ते जंबोसाठी. चार इंजिनांचं, पुढच्या भागावर वरचा मजला असलेलं, त्यामुळे पाठीवर कुबड आल्यासारखं दिसणारं ते जुनं मोठं विमान. माल वाहणारी जंबो अजून बरीच उडतात, पण माणसं नेणारी आता मोजकीच उरली आहेत आणि तीही एकेक करून निवृत्त होत आहेत. त्यातलं एक तरी मला बघायचं होतं. उडताना नाही दिसलं तरी चालेल, जमिनीवर उभं असलेलं चालेल, फक्त नंबर वाचता यायला हवा.

संधी आली ती शेतीच्या वाटेने. जुन्नर-आंबेगावातल्या शेतकऱ्यांच्या एका गटाचा परदेश अभ्यास दौरा ठरला. सिंगापूर, क्वालालंपूर, बँकॉक, दहा दिवस. भाजीचे बाजार, शेडनेटच्या जाळीखालची शेती, फळांचं पॅकिंग असं सगळं बघायचं होतं. आमच्या घरातून पप्पा जाणार होते, पण त्यांचा गुडघा ऐनवेळी सुजला. ते म्हणाले, तुला इंग्रजी येतं, तू जा, सगळ्यांना उपयोग व्हईल. सोबतीला काका आणि काकू होतेच. मी थोडे आढेवेढे घेतले, कारण लगेच हो म्हटलं असतं तर का म्हटलं हे सांगावं लागलं असतं. मग खोलीत जाऊन दार लावलं आणि चारही विमानतळांचे नकाशे फोनवर उतरवून घेतले.

बँकॉकला आठवड्यातले काही दिवस, दुपारी एकच्या सुमाराला, एक प्रवासी जंबो येत होतं. आमचं परतीचं विमान तिथूनच तीन वाजता होतं, आणि वारही जुळत होता. बाकी दौरा काय व्हायचा तो होवो, माझा दौरा त्या दोन तासांचा होता.

आता दौऱ्याच्या अध्यक्षांविषयी सांगायला हवं. पन्नाशीचा, उत्साही, द्राक्षबागायतदार माणूस. त्यांनी मुंबईच्या विमानतळावर सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले आणि एका काळ्या रेक्झिनच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवले. ते पुढे दहा दिवस तिथेच राहिले. झोपतानाही. "परदेशात पासपोर्ट हरवला तर माणूस गेला," असं ते प्रत्येकाला सांगत. पासपोर्ट बाहेर निघणार तो फक्त विमानतळावर, गरजेपुरता.

याचा माझ्याशी संबंध असा की हल्ली प्रत्येक देशात शिरण्याआधी फोनवरून एक प्रवेश-फॉर्म भरावा लागतो. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर, हॉटेलचा पत्ता. हे काम आदल्या दिवशी हॉटेलात बसून निवांत करता आलं असतं. मी अध्यक्षांना तसं म्हटलं. म्हणजे म्हणायला सुरुवात केली. ते म्हणाले, "ताई, पासपोर्ट काढले की कोण कुठं ठेवील सांगता येत न्हाई. आपण तिथंच भरू की. तुला कितीसा वेळ लागतोय, इंग्लिश मिडियम हाय तू."

मला वेळ लागायचा. तेवीस जण होते. त्यांत एकाच आडनावाचे सात, आणि त्या सातांतल्या दोघांची वडिलांची नावंही एकच. कुणाला जन्मतारीख विचारली तर म्हणायचे, कंची सांगू, शाळेतली का खरी? मुंबईला तीन तास आधी पोचूनही मी चार्जिंगच्या खांबाला टेकून जमिनीवर बसले होते आणि बाकीचे बावीस जण काचेपाशी उभे राहून विमानं बघत होते. ज्यांना विमानातलं काही कळत नव्हतं ते. "आयला, केवढं धूड हाय," असं कुणीतरी म्हणायचं, मी मान वर करायचे, आणि पुढचा माणूस पासपोर्ट घेऊन समोर उभा असायचा. क्वालालंपूरला जाताना सिंगापूरला हेच, बँकॉकला जाताना क्वालालंपूरला हेच. वहीत तीन विमानतळांचे मिळून अकरा नंबर. एवढे तर मला पुण्याच्या टेकडीवरून एका रविवारी मिळतात.

आणि विमानात चढल्यावर मानपान.

हा प्रकार मी कुठल्या विमानात दुसऱ्या कुणी केलेला पाहिलेला नाही. बोर्डिंग पासवर सीटचा नंबर छापलेला असतो, पण अध्यक्षांच्या मते तो कंपनीने केवळ माणसं मोजायला टाकलेला होता. ते सगळ्यांच्या आधी आत शिरायचे आणि मधल्या वाटेत उभे राहून, लग्नात पंगत बसवतात तशी माणसं बसवायचे. "आधी वडीलधारी खिडकीला. तुमी आत व्हा, आण्णा. तरण्यांनी कडंला बसा, तुमचं उभं आयुष्य पडलंय खिडक्या बघायला." मागे साठ-सत्तर माणसं सामान हातात घेऊन खोळंबलेली, हवाई सुंदरीचं हसू तसंच गोठलेलं, आणि मला हाक, "ताई, सांग तिला, दोन मिनिटं." मी सांगायचे. दोन मिनिटं. सॉरी. दोन मिनिटं. मुंबईहून निघताना माझी खिडकी आली होती, ती गेली. सिंगापूरहूनही आली होती, तीही गेली. मी दोन्ही वेळा "चालेल" म्हणाले. हा शब्द मी आयुष्यात इतक्या वेळा वापरलाय की त्याचा आता मलाच राग येतो.

खिडकी मिळालेले आजोबा विमान सुटायच्या आत झोपून जायचे. तोंड उघडं, खिडकीचं झाकण खाली.

बँकॉकच्या शेवटच्या दिवसाची मी तयारी केली होती. आदल्या संध्याकाळी हॉटेलात सगळ्यांचं चेक-इन फोनवरून मीच केलं. त्याला पासपोर्ट लागत नव्हते, तिकिटावर भागत होतं. तेवीस सीट निवडताना मी पहिल्यांदा स्वतःसाठी काही केलं. एकतिसाव्या रांगेतली डावी खिडकी घेतली. दुपारी तिथे कुठली धावपट्टी वापरतात, विमानं कुठल्या बाजूला उभी असतात, हे मी आठ दिवस ॲपवर बघत होते. आधी काचेतून बघायचं, तिथे नाही जमलं तर खिडकीतून. आणि परतीच्या वाटेवर फॉर्म नव्हते.

फॉर्म नव्हते, पण कात्र्या होत्या.

दौऱ्यातल्या एका दुकानात द्राक्षाच्या छाटणीच्या कात्र्या बघून आमच्या जुन्नरच्या बागायतदारांना राहवलं नव्हतं. आकड्यासारखी वाकडी पाती, लाल मुठी, आणि धार अशी की कागद नुसता टेकवला तरी कापला जावा. अकरा जणांनी घेतल्या होत्या. हातातल्या बॅगेत धारदार काही ठेवू नका, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. त्यांनी ऐकलंही होतं. तरी अकराच्या अकरा कात्र्या हातातल्या बॅगांत निघाल्या. तपासणीच्या यंत्रापाशी बॅगांची रांग लागली. मी त्यातल्या एकांना विचारलं की असं का केलं. ते समजुतीने म्हणाले, "खालच्या सामानाला आपटत्यात, ताई. धार जाती. म्हणून तर जवळ ठेवल्या."

तिथली अधिकारी बाई सभ्य होती. तिने सांगितलं, इथेच सोडा किंवा बाहेर जाऊन सामानात टाकून या. सोडा म्हटल्यावर अकरा चेहरे असे झाले की मला बघवेना. साडेबारा वाजले होते. त्या क्षणी मी म्हणू शकले असते, सोडा त्या कात्र्या, नारायणगावात मिळतात तसल्या. मला काचेपाशी जायचं होतं. पण अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, मग अकरा जणांनी बघितलं, आणि मी कात्र्या गोळा करायला लागले.

एक खोकं मिळवायचं, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळून कात्र्या भरायच्या, तिथल्या एका माणसाबरोबर परत बाहेर जायचं, कंपनीच्या काउंटरवर पुन्हा रांगेत उभं राहायचं, एवढ्या उशिरा सामान घेत नाही म्हणणाऱ्या मुलीला विनवायचं, पुन्हा आत यायचं, पुन्हा तपासणी. रांगेत असताना ॲप उघडून बघितलं. एक वाजून आठ मिनिटांनी जंबो उतरलं होतं. मी उभी होते तिथून सरळ रेषेत ते एखाद-दोन किलोमीटरवर असेल. मध्ये भिंती होत्या.

आम्ही फाटकापाशी पोचलो तेव्हा विमानात सोडायला सुरुवात झाली होती. मी जवळजवळ पळतच आत गेले. वाटेत अध्यक्ष उभे होते.

"ताई, ह्या खिडकीला बाबांना बसू दे. डिंगोऱ्याच्या बाबांचा मान राहिलाय. सगळ्यांत थोरले तेच, आणि एकदाबी खिडकी न्हाई मिळाली त्यांना."

डिंगोरे गावचे हे बाबा म्हणजे पंचाहत्तरीचे, टोमॅटो आणि बैल सांभाळणारे, दौऱ्यात सगळ्यांत कमी बोललेले. माझ्यापेक्षाही कमी. ते टोपी हातात घेऊन माझ्या मागे उभे होते. मी तोंड उघडलं. ही माझी सीट आहे, एवढंच वाक्य होतं. इंग्रजीत मी ते शंभर वेळा मनात म्हटलं होतं आणि मराठीत एकदाही म्हणून बघितलं नव्हतं.

"चालेल," मी म्हणाले.

बाबा खिडकीला, काकू मध्ये, मी कडेला. विमान मागे सरलं, वळलं, आणि धावपट्टीकडे जाताना वाटेतच थांबलं. पुढे रांग असावी. मी डोळे मिटून घेतले होते. बघायचंच नाही असं ठरवलं होतं.

मग बाबांचा आवाज आला. "ह्ये काय जनावर हाय."

काकू पुढे वाकल्या. "अगं बया. याला तर वशिंड हाय."

वशिंड म्हणजे बैलाच्या खांद्यावरचा उंचवटा. मला एका क्षणात कळलं बाहेर काय आहे. इतकी वर्षं मी त्याला कुबड म्हणत आले होते, आणि खरा शब्द काकूंना पहिल्या नजरेत सापडला. मी वाकले. मला काकूंचा अंबाडा दिसला. त्याच्यावरची मोत्यांची क्लिप दिसली. अंबाड्याच्या वर खिडकीचा एक चतकोर, त्यात काहीतरी पांढरं सावकाश सरकत होतं. पांढरं तर प्रत्येक विमान असतं. मी पट्टा सोडून उभी राहिले. मागून हवाई सुंदरी ताबडतोब आली आणि तिने मला बसायला सांगितलं. मी बसले. तेवढ्यात आमचं विमान हललं. काकू मागे टेकल्या तेव्हा खिडकीत नुसतं गवत होतं.

पुढचा अर्धा तास मी काहीही बोलले नाही. पण तसं मी कधीच बोलत नव्हते, त्यामुळे कुणाला फरक जाणवला नाही. याचाही मला राग आला.

जेवणाचे ट्रे गेल्यावर बाबांनी काकूंच्या पुढून आपला डावा हात माझ्याकडे केला. तळहातावर पेनाने काहीतरी लिहिलं होतं. कधीतरी मागून घेतलेलं माझंच पेन त्यांच्या खिशात राहिलं होतं.

"घे लिहून तुझ्या वहीत," ते म्हणाले. "तू नंबर लिहिती, मी बघतो ना रोज. म्हणून म्हटलं ह्यो लई मोठ्याचा हाय, पोरीला लागंल. इंग्रजी येत न्हाई मला, दिसलं तसं काढलंय."

अक्षरं चित्रासारखी काढली होती, सावकाश, एकेक रेघ जोडून. मी वाचलं. दोन अक्षरं आणि तीन आकडे. विमानाचा नंबर असा नसतोच. जंबो ज्या देशाचं, तिथला तर नाहीच.

"बाबा, हा कुठे लिहिलेला होता?"

"पुढं एक बुटकं ट्रॅक्टर व्हतं, त्याला ओढून नेत व्हतं. त्याच्या पाठीवर."

"मग हा विमानाचा नाही. ओढणाऱ्या गाडीचा आहे. विमानाचा शेपटाजवळ असतो."

बाबांनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघितलं. "नंबर ट्रॅक्टरचाच असतोय, पोरी. ट्रॉलीला कोण इचारतंय?"

मला हसू यायला हवं होतं. आता लिहिताना येतंय. तेव्हा मी पाण्याची बाटली उघडून उगीच प्यायले. नंबर वाचायला पुरेल इतका वेळ ते विमान त्यांच्या समोर होतं. एकेक रेघ काढून पाच खुणा उतरवण्याइतका वेळ.

"तू का न्हाई बघितलं?" बाबांनी विचारलं. "तुला तर लई आवड."

"ती सीट माझी होती," मी म्हणाले. शेवटी म्हणाले ते असं, खाली समुद्र की जमीन हेही माहीत नसताना, अकरा किलोमीटर उंचीवर, काही उपयोग नसताना. "त्याच्यासाठीच घेतली होती. त्याच्यासाठीच आले होते मी. शेडनेट बघायला नाही."

बाबांनी मांडीवरच्या टोपीची घडी घातली. मग म्हणाले, "मला खिडकी नकोच व्हती. खाली बघितलं की गरगरतंय. तीन डाव अध्यक्षाला चुकवून कडंला बसलो. आज त्यानं मान म्हटलं, मग न्हाई कसं म्हणायचं?"

"दोघंबी मुकी," मधून काकू म्हणाल्या. "आणि मी मधी अवघडून बसलीय. उठा आता, बदला जागा."

आम्ही जागा बदलल्या. मुंबईपर्यंत मी खिडकीत बसले. खाली ढग होते आणि विमानाचा पंख होता.

घरी आल्यावर पप्पांनी शेडनेटविषयी विचारलं, मी सांगितलं. कात्र्या छान निघाल्या असं कळलं. दोन महिन्यांनी अध्यक्षांचा फोन आला, पुढचा दौरा व्हिएतनामला, परत बँकॉकवरूनच, आणि फॉर्म भरायला मी हवी होते. मी म्हणाले येईन, पण खिडकी माझी, आणि पासपोर्ट आदल्या दिवशी माझ्या हातात.  मग त्यांनी विचारलं, खिडकीत एवढं काय आहे? मी त्यांना सांगितलं. सगळं, वहीसकट. माझ्या मानाने ते भाषणच झालं.

"हात्तिच्या," ते म्हणाले. "आधी सांगायचं ना, राव. आमाला वाटलं आमचंच कायतरी चुकलंय. धा दिवस तोंड उघडलं न्हाई तू."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी मी ॲप उघडून बँकॉकची एकची वेळ बघितली. कंपनी तीच, उड्डाण तेच, विमान मात्र दोन इंजिनांचं. आठवडाभर बघितलं. रोज दोन इंजिनांचंच. दौऱ्याला मी तरीही जाणार आहे, कारण हो म्हणून बसले आहे. पहिलं पान अजून कोरं आहे.

बाबांनी अध्यक्षांकडून माझा नंबर घेतलाय. टोमॅटोच्या वावरात असले आणि आभाळ मोकळं असलं की त्यांचा फोन येतो. परवाही आला.

"आत्ता वरनं गेलं बघ. चार रेघा हायेत. मी मोजल्या. तुझंच हाय का?"

मी हातातलं काम टाकून ॲप उघडलं. आखातातून निघालेलं, चार इंजिनांचं, दोन्ही मजले पुढपासून मागपर्यंत सारखे असलेलं दुसरंच मोठं विमान होतं. मी तसं सांगितलं.

"बरं," बाबा म्हणाले, "उद्या बघतो."

चार रेघा असून भागत नाही, वशिंड पाहिजे, आणि ते खालून दिसत नाही, हे मी त्यांना दोनदा समजावून सांगितलं आहे.